चौदा महिने टाके घातले आणि गोधडी कपाटात गेली

मुठाकाठची (२४ ऑगस्ट, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून लिहितेय. घरी विषय काढला की "अगं, छानच झालीय" एवढंच ऐकू येतं, आणि तो सूर मी ओळखते. पोहे खारट झाले की हाच सूर लागतो.

गेल्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मनात घेतलं की तिला हाताने शिवलेली क्विल्ट द्यायची. तुकडे जोडलेली नाही, होलक्लॉथ. म्हणजे वर एकच सलग कापड, मध्ये फायबर शीट (कापसाऐवजी घालतात तो फुगीर थर), खाली अस्तर, आणि नक्षी म्हणाल ती सगळी धावदोऱ्याची. मोतिया रंग घेतला. मधोमध मोठं कमळ, चार कोपऱ्यांत पैठणीच्या पदरावर असतात तसे मोर, काठाने वेल, आणि कमळ नि वेलीच्या मधल्या जागेत एक-एक इंचाची चौकटजाळी. आकार ९० बाय १०० इंच. लग्न फेब्रुवारीत झालं. क्विल्ट या महिन्यात झाली. तोवर भाचीला "येतेय, येतेय" सांगत राहिले.

परवा धुतली आणि वाळत घातली. कमळाच्या पोटात पुरीसारखा फुगा. कडांना परकराच्या झालरीसारख्या लाटा. आणि दोन मोरांवर आखणीची निळी रेघ होती ती तपकिरी होऊन बसली. धुवायच्या आधी मी तिच्यावर इस्त्री फिरवली होती. हो, माहितीय. आता माहितीय.

घडी घालून कपाटात ठेवलीय, वरून दार लावलंय. फोटो टाकणार नाही, मागू नका. दोनच प्रश्न आहेत: यातलं काही दुरुस्त होतं का? आणि होत नसेल तर इतके महिने घातलेल्या, मनातून उतरलेल्या वस्तूचं तुम्ही काय करता?

टिवल्याबावल्या (रात्री १०:५२)

मी पहिला. आता वाचतो.

टिवल्याबावल्या (रात्री ११:०१)

वाचलं. फोटो टाका.

खवचट_काका (रात्री ११:१५)

एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण बहुतेक गोधडीवरूनच आली असावी. तुम्ही चिंध्या टाळून धड करायला गेलात, तर तेही फुगलं. दैव म्हणायचं.

सायली_कोथरूड (रात्री ११:३०)

काका, झोपा आता.

ताई, खूप वाईट वाटलं वाचून. मी एक लहान बाळाची दुपटी केली होती, ३६ बाय ३६, तिलाच तीन महिने लागले. ९० बाय १००?? साष्टांग.

आबा_चिंचवड (२५ ऑगस्ट, सकाळी ६:१०)

मी टूलरूममध्ये ३२ वर्षं काढली. कारण कळल्याशिवाय पीस भंगारात टाकायचा नाही, ही सवय लागलेली आहे. निवृत्तीनंतर बायकोच्या मशीनशेजारी बसून हा नाद लागला. तीन होलक्लॉथ केल्या, त्यातली एक बरी म्हणावी अशी झाली.

तर ताई, आधी हे सांगा. शिवायला सुरुवात कुठून केली, मधून की कडेने? रिंग किती घट्ट ठेवत होता? वरचं कापड कोणतं? दोरा सुती की पॉलिस्टर? कच्चे टाके किती अंतरावर घातले होते? आणि कमळाच्या एका पाकळीत मोकळी जागा किती?

मुठाकाठची (सकाळी ९:४५)

आबा, तुमच्यासमोर बसल्यासारखं वाटलं. खरं खरं सांगते.

कडेने सुरुवात केली, कारण आजीला गोधडी तशीच शिवताना पाहिलं होतं. रिंग भरतकामाला लावतो तशी, टिचकी मारली तर वाजेल इतकी घट्ट. कापडाचा पन्ना मोठा हवा म्हणून लक्ष्मी रोडवरून डबलबेडची महागातली साधी चादर घेतली, ४०० थ्रेड काउंटची, शंभर टक्के सुती. दोरा शिंप्याचा नेहमीचा पॉलिस्टर. कच्चे टाके वीतभर अंतराने, कंटाळा आला होता. पाकळ्या मोठ्या आहेत, एकेकीत माझा तळहात मावतो.

आबा_चिंचवड (सकाळी ११:२०)

मग निदान सोपं आहे. फुगा आणि लाटा हे दोन रोग नाहीत, एकच आहे. घनता.

टाका कापडाला आत ओढतो. जिथे टाके दाट तिथे कापड आकसतं, जिथे विरळ तिथे तेवढंच राहतं. तुमची चौकटजाळी इंचाइंचावर, म्हणजे तो सगळा पट्टा चांगला दोन-तीन टक्के तरी आत गेला असणार. १०० इंचाला ते दोन-तीन इंच झाले. आता त्या पट्ट्याच्या आत कमळ, त्यात तळहाताएवढ्या मोकळ्या जागा. आणि त्या पट्ट्याच्या बाहेर वेल, तीही विरळ. मधलं आकसलं, आतलं नि बाहेरचं आकसलं नाही. मग आतलं वर फुगणार आणि बाहेरचं लाटा मारणार. दुसरं जाणार कुठे?

त्यात कडेने सुरुवात. फायबर शीट असलेली क्विल्ट नेहमी मधून बाहेर शिवत न्यायची, म्हणजे जास्तीचं कापड हाताखालून सरकत कडेला जातं आणि शेवटी कापून टाकता येतं. कडा आधी पक्क्या केल्या की ते जास्तीचं कापड मध्ये कोंडलं जातं. कच्चे टाके चार बोटांवर असते तर थोडं आवरलं असतं.

रिंग ढोलासारखी ताणायची नाही. भरतकाम वेगळं, ते एका कापडावर असतं. इथे तीन थर असतात, आणि सुई वरखाली डोलवत एका वेळी तीन-चार टाके घ्यायचे तर कापडाला थोडी ढील लागते. खालच्या हाताचं बोट वर दाबलं तर टेकाड उठलं पाहिजे, इतकी. ताणलेल्या कापडावर घातलेले टाके रिंग काढली की चुरगळतात.

आणि ४०० थ्रेड काउंट, म्हणजे इतकी दाट वीण. ताई, बोटं शाबूत आहेत का?

मुठाकाठची (सकाळी ११:४०)

तीन सुया मोडल्या. एक अंगुस्तान भोकाभोकाचं झालं. मला वाटायचं माझीच सुई बोथट.

खवचट_काका (सकाळी ११:५५)

शिवता येईना, सुई वाकडी.

सायली_कोथरूड (दुपारी १२:०५)

काका!!

पण हे खरंच आहे, हॉटेलातल्यासारख्या गुळगुळीत दाट चादरी हाताने शिवायला अगदी वैर्‍यासारख्या असतात. केंब्रिक नाहीतर मऊ पोपलीन घ्यावं, आणि आधी धुऊन खळ काढावी. सुई छोटी, ज्याला 'बिटवीन' म्हणतात ती. तिच्यात नंबर वाढला की सुई लहान होते, हे मला पाकीट उघडल्यावर कळलं. १२ नंबर मागितला तर नाकात घालायच्या चमकीएवढी निघाली.

गोदाआजीची_नात (दुपारी २:३०)

आबांच्या बाकी सगळ्याला मान्यता, पण 'कडेने शिवणं चूक' याला माझा आक्षेप आहे.

आमच्याकडं भोरला आजी कडेनंच शिवायची. काठ धरून एक चौकोन, त्याच्या आत दुसरा, असं करत मध्याला यायचं. खाली नऊवारी अंथरायचं, आत धोतरं, परकर, चादरी, जे विरलं असेल ते. वर दुसरं नऊवारं. उडू-सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, काय हाताला येईल ते. मग दाभण घेऊन दोघीतिघी समोरासमोर बसायच्या. कधी फुगा आला नाही.

का आला नाही ते आता वाचताना लक्षात आलं. जुनं, शंभरदा धुतलेलं सुती कापड सुती कापडाला धरून बसतं. आता आकसायला त्यात काही उरलेलंच नसतं. शिवाय सगळीकडं टाक्यांच्या ओळी सारख्याच अंतरावर, मोकळी जागा कुठंच नाही. आणि सळ आलाच तर आजी तो अंगठ्यानं दाबून वरूनच टाका मारायची. फुलाफुलांच्या लुगड्यावर कुणाला दिसतोय? तुमचं मोतिया कापड म्हणजे बिनगवताचं अंगण, केर पडला की दिसला.

म्हणजे आजीची रीत बरोबर होती, ताईंनी तिच्यात फायबर शीट घातली ते जुळलं नाही.

आबा_चिंचवड (दुपारी २:५०)

मान्य. विधान मागे घेतो. 'फायबर शीटवर कडेने शिवणं चूक' असं वाचावं.

हंपीचा_वाटसरू (दुपारी ३:४०)

अवांतर, पण जवळचंच. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात. तीही कोपऱ्यापासून कडेकडेने आत. आणि शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेले छोटे तिकोनी तुकडे लावतात, त्याला 'फुला' म्हणतात. फुला नसेल तर कवंदी उघडीनागडी समजतात. मी एक आणली आहे, बायको तिला हात लावू देत नाही.

शनिवारपेठी (संध्याकाळी ५:१५)

मुळात याला गोधडी म्हणणं बरोबर नाही. जुनेर वापरून केली ती गोधडी किंवा वाकळ. आत कापूस भरून नव्या कापडाची केली ती दुलई. जाड असेल तर लेप किंवा रजई. धागाकर्तीनं केली ती दुलई. शब्द असताना होलक्लॉथ कशाला?

टिवल्याबावल्या (संध्याकाळी ५:१८)

आला, शुद्धलेखन विभाग आला.

गोदाआजीची_नात (संध्याकाळी ५:३०)

दुलई शब्द छान आहे, पण दुलईत सरळ ओळी टाकल्या तरी दुलईच. इथं नक्षीच सगळं आहे. मग 'नक्षीची दुलई' म्हणू या?

शनिवारपेठी (संध्याकाळी ५:४१)

चालेल. आणि दुलई म्हटलं की पिंजारी आठवतो. दिवाळीच्या आधी पेठेत धनुकलीचा टणत्कार ऐकू यायचा. गच्चीवर गादीचा कापूस उसवून पिंजायचा, संध्याकाळपर्यंत सगळ्या पोरांच्या डोक्यात म्हातारीची पिसं. आता गादीला १० वर्षांची गॅरंटी असते आणि ती पिंजताही येत नाही.

खवचट_काका (संध्याकाळी ५:५०)

तुमच्या वाड्यात पिंजारी दुपारी एक ते चारमध्ये यायचा का हो?

कॅल्क्युलेटर (रात्री ८:२०)

मला एक कळत नाही. दीड-दोन हजारांत उत्तम जयपुरी रजई दारात येते. १४ महिने रोज एक तास धरला तरी ४०० तास होतात. कशासाठी?

सायली_कोथरूड (रात्री ८:२६)

झालं. काडी पडली.

शनिवारपेठी (रात्री ८:३१)

कॅल्क्युलेटर यांनी या संकेतस्थळावर गेल्या वर्षभरात किती तास घालवले तेही एकदा गुणून पाहावं.

आबा_चिंचवड (रात्री ८:४४)

जयपुरी रजईसुद्धा कुणीतरी हातानेच टाके घालून केलेली असते, बहुतेकदा बायकांनीच. दीड हजारात त्यांच्या तासाला काय मिळालं असेल ते तुमच्याच आयडीनं काढून सांगावं.

(संपादकांनी येथील ११ प्रतिसाद उडवले आहेत. कृपया विषयावर राहावे.)

स्नेहल_मिनेसोटा (२६ ऑगस्ट, पहाटे ४:३५)

आमच्याकडे संध्याकाळ आहे, सावकाश लिहिते.

मुठाकाठची, निळ्या रेघेचं दुःख मी समजू शकते. ते पाण्यानं जाणारं निळं मार्कर असतं ना, त्याला उष्णता आणि साबण दोन्ही वर्ज्य. आधी नुसत्या गार पाण्यात बुडवून ठेवायचं, रेघ पूर्ण गेली की मगच साबण, आणि मग इस्त्री. उलटं झालं तर रेघ तपकिरी होऊन कायमची बसते. मी शहाणपणा करून दुसरं पेन घेतलं, इस्त्री फिरवली की शाई गायब होणारं. अगदी जादू. एक क्विल्ट जानेवारीत पार्सलनं पाठवली, पार्सल कुणाच्या तरी ओसरीवर उणे २० मध्ये रात्रभर पडलं. उघडलं तर सगळी आखणी परत हजर, माझ्या खाडाखोडीसकट. ती शाई उष्णतेनं फक्त दिसेनाशी होते, पुरेशी थंडी मिळाली की परत दिसते. पुण्यात डिसेंबरात कितीही कुडकुडलात तरी तेवढी थंडी पडत नाही म्हणा. पण क्विल्ट फ्रीजरमध्ये ठेवू नका.

आता थोडा इतिहास, मला राहवत नाही. इंग्लंडच्या उत्तरेला, डरहम आणि नॉर्थम्बरलँडकडे, या एकसंध क्विल्टची मोठी परंपरा. तिथे अॅलनहेड्स नावाच्या खेड्यात जॉर्ज गार्डिनर नावाचा दुकानदार क्विल्टच्या कापडावर नक्षी आखून द्यायचा, आणि त्याची शिकाऊ एलिझाबेथ सँडरसन त्याच्याहून नावाजली. बायका आखलेलं कापड विकत आणायच्या आणि घरी टाके घालायच्या. आखणी कशानं, तर निळ्या पेन्सिलीनं. न धुतलेल्या जुन्या क्विल्टवर ती निळी रेघ अजून दिसते, आणि संग्रहालयवाले तिच्यावरूनच ओळखतात की ही तिकडची. म्हणजे तुमची रेघ राहिली हे घराण्याला धरूनच आहे, फक्त रंग चुकला.

दुसरं, सलग म्हणजे बिनसांध्याचंच असं काही नाही. पूर्वी मागाचा पन्नाच अरुंद, मग एकाच कापडाचे दोन-तीन पट्टे जोडून मोठं करायचे. त्यामुळे पुढच्या वेळी त्या ४०० च्या चादरीच्या वाटेला जाऊ नका, ४४ पन्न्याचं मऊ कापड घेऊन दोन शिवणी घाला.

हंपीचा_वाटसरू (सकाळी ७:१५)

किती जुना प्रकार आहे हा मुळात?

स्नेहल_मिनेसोटा (सकाळी ७:४०)

जपून राहिलेल्या मोठ्या नमुन्यांत सिसिलीची ट्रिस्टन क्विल्ट फार जुनी, साधारण १३६० ते १४०० मधली. एक भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, दुसरा फ्लॉरेन्सच्या बार्जेलोत. लिननच्या दोन थरांत नक्षीपुरतं भरण कोंबून चित्रं उठवली आहेत, घोडे, जहाजं, माणसं. आणि आपल्याकडचं म्हणाल तर सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालातल्या सातगावहून पोर्तुगीज अशा रजया युरोपात नेत होते, पांढऱ्या सुती कापडावर पिवळ्या टसरच्या टाक्यांनी भरलेल्या. शिकारी, मासे, जहाजं, बायबलातल्या गोष्टी, सगळं एकत्र.

टिवल्याबावल्या (सकाळी ८:०२)

म्हणजे आपण परकीयांना पाठवायचो आणि आता परकीयांकडून फायबर शीट घेतो.

श्रावणी_क (सकाळी १०:३०)

ताई, मनाला लावून घेऊ नका. अमेरिकेतले आमिश लोक तर प्रत्येक क्विल्टमध्ये मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण परिपूर्ण फक्त देव. तुमची तशीच समजा.

स्नेहल_मिनेसोटा (सकाळी १०:५५)

श्रावणी, गोष्ट गोड आहे, पण ती दंतकथा आहे. जुन्या क्विल्टचा अभ्यास करणाऱ्यांना तिला आधार सापडलेला नाही. आणि विचार करा ना, मुद्दाम एक चूक ठेवायची म्हणजे बाकी सगळं आपण बिनचूक करतो असं धरून चालायचं. याहून मोठा गर्व कोणता?

खवचट_काका (सकाळी ११:१०)

या एका प्रतिसादासाठी धागा वाचनखुणेत टाकला.

निशिगंधा_६२ (दुपारी १:२०)

मी सहसा लिहीत नाही. पण दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही म्हणून लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी मी अशीच एक केली. गुलबक्षी रंगाची, सॅटीनची, मधोमध शंख. वडील आजारी होते, त्यांच्या उशाशी बसून शिवली. रात्री जाग यायची, एक ओळ घालायची, सलाइन बघायचं, पुन्हा एक ओळ. झाली तेव्हा पाहिली तर टाके कुठे तांदळाएवढे, कुठे तिळाएवढे. कोणत्या रात्री काय चाललं होतं ते मला त्यावरून कळतं. लोक म्हणाले, आठवण म्हणून जप. मला नाही जपाविशी वाटली. मला ती बघवायचीच नाही. सहा वर्षं माळ्यावर होती, घड्यांवर पिवळे पट्टे पडले.

मग एका उन्हाळ्यात कुरडया घालायला गच्चीवर जुनी चादर सापडेना, जाऊबाईंनी माळ्यावरून ती ओढली, वर प्लॅस्टिक टाकलं नि कुरडया घातल्या. मी आले तेव्हा शंखावर पाच किलो गव्हाच्या चिकाचं वाळवण. आधी डोकं फिरलं. मग बसले शेजारी कावळे हाकत. आता दर एप्रिलला ती वाळवणाची म्हणून निघते. आवडत नाही अजूनही. पण निघते.

सायली_कोथरूड (दुपारी १:३५)

निशिगंधाताई…

कात्रीवाली (दुपारी ३:००)

मी वेगळं सुचवते. कापून टाका. मोर चांगले आले असतील तर चार उशांचे अभ्रे, उरलेल्याच्या पिशव्या. मी दोन क्विल्ट कापल्यात, एक क्षणही पश्चात्ताप नाही. कपाटात मढं सांभाळण्यापेक्षा बरं.

गोदाआजीची_नात (दुपारी ३:०४)

अगं बाई!

शनिवारपेठी (दुपारी ३:०९)

तपकिरी रेघ मोरांवरच आहे. प्रतिसाद देण्याआधी धागा वाचण्याची पद्धत होती पूर्वी.

आबा_चिंचवड (दुपारी ४:३०)

कापू नका. अजून रिवर्कला वाव आहे.

कोंडलेलं कापड आता बाहेर काढता येणार नाही, पण ते खाता येईल. प्रत्येक पाकळीच्या आत, कडेला समांतर, पाव-पाव इंचावर टाक्यांच्या ओळी घालत जा. जितके टाके दाट तितका फुगा बसेल. पूर्ण सपाट होणार नाही, उशीचा शंकरपाळा होईल.

कडेची पट्टी उसवा. कडेपासून पाव इंचावर मजबूत दोऱ्याने धावदोरा घाला आणि तो ओढून कड मापात आणा. माप कडेला घ्यायचं नाही, क्विल्टच्या मध्यावर आडवं-उभं घ्यायचं आणि कड तितकी करायची. मग पट्टी परत लावा. शेवटी ओली करून जमिनीवर काटकोनात ताणून वाळवा. इस्त्री दाबू नका, फायबर शीट चप्पट होईल.

रेघेला माझ्याकडे औषध नाही.

मुठाकाठची (२१ सप्टेंबर, रात्री ९:५०)

आले परत. गणपती झाले, पाहुणे गेले, मग बसले.

आबांनी सांगितल्याप्रमाणे पाकळ्यांत ओळी घातल्या. पाकळी-पाकळीला दोन दिवस. फुगा खरंच बसला, आता मध्यावर चार बोटांपुरता उरलाय. कडा उसवून ओढून घेतल्या, तीन बाजू सरळ आल्या, चौथीला अजून थोडी लाट आहे. सोसायटीच्या गच्चीवर ओली पसरून कडांना विटा ठेवल्या, सेक्रेटरी येऊन "हे काय वाळवताय?" विचारून गेले. "दुलई" म्हटलं. शनिवारपेठी, तुमच्यामुळे.

रेघ मात्र गेली नाही. दोन दिवस गार पाण्यात ठेवली, तसूभर फिकी झाली. मग मी न विचारता एक उद्योग केला. म्हटलं रंगवूनच टाकू, गडद निळी, रेघ बुडेल. रविवार पेठेतून सुती कापडाचा गार पाण्यातला रंग आणला, मीठ, धुण्याचा सोडा, आणि बाथरूममध्ये मोठा टब. भिजलेली क्विल्ट उचलायला नवरा आणि वॉचमन दोघं लागले. आमच्याकडे पाणी एकच वेळ येतं, तीन दिवस तिचं निळं पाणी निथळत होतं आणि सासूबाई बादल्या मोजत होत्या.

रेघ बुडाली. एकदम बुडाली. पण दोरा पॉलिस्टरचा! त्याने रंग घेतलाच नाही. गडद निळ्यावर माझा एकूण एक टाका पांढराशुभ्र. मोतियावर मोतिया होता तेव्हा निदान दिसत नव्हते. आता जाळीची कुठली ओळ कुठे तिरकी गेली, कुठे मी इंचात आठ टाके घातलेत नि कुठे चार, सगळं दारावरच्या पाटीसारखं वाचता येतं. लपवायला गेले आणि यादी लागली.

टिवल्याबावल्या (रात्री ९:५४)

फोटो.

मुठाकाठची (रात्री १०:१०)

टाकलाय. एकच. मोराचा.

सायली_कोथरूड (रात्री १०:१३)

अगं हे सुंदर आहे! खरंच!

शनिवारपेठी (रात्री १०:२०)

रंग ढगाळ बसला आहे, डावीकडे जास्त. पण मोराची मान उत्तम. खोटं बोलत नाही मी, माहितीय तुम्हाला.

आबा_चिंचवड (२२ सप्टेंबर, सकाळी ६:०५)

मान झूम करून मोजली. इंचात नऊ टाके. पिसाऱ्यात सहा. पिसारा शेवटी केला असणार, दमला होता.

मुठाकाठची (सकाळी ९:३०)

आबा, पिसारा लग्नाच्या आदल्या आठवड्यात केला. होईल असं वाटत होतं तेव्हा.

सायली, तू सुंदर म्हणालीस, आणि तो "छानच झालीय" वाला सूर नव्हता, हे मला कळलं. पण मला अजून आवडली नाहीय, हेही खरं. मनातली वेगळी होती. भाचीला फोटो पाठवला. ती म्हणाली निळी मस्त आहे, आम्ही दिवाळीला येतोय तेव्हा नेतो. मी फुगा सांगितला, लाट सांगितली, रंग एकसारखा नाही तेही सांगितलं. तिने विचारलं, मशीनमध्ये टाकली तर चालेल का?

स्नेहल_मिनेसोटा (सकाळी ९:५०)

पहिले तीन-चार वेळा वेगळी धुवायला सांग, गार पाण्यात. रंग सुटेल.

निशिगंधा_६२ (सकाळी ११:१५)

आणि उरलेला फायबर शीटचा तुकडा असेल तर टाकू नका. कुरडयांच्या खाली उत्तम.

खवचट_काका (सकाळी ११:३०)

फोटो पाहिला. बोलायला काही ठेवलं नाहीत हो बाई. रंगाची पावडर कुठल्या दुकानातून घेतली? आमच्या हिच्या एका साडीवर तपकिरी डाग आहे. कुणी पाडला ते विचारू नका.